गार पारी, कडक भट्टी: घरच्या ओटीजीत पोर्तुगीज नाता

नाता म्हणजे पापुद्र्याच्या पारीत अंड्याचं कस्टर्ड भरून भाजलेला छोटा पोर्तुगीज टार्ट. तो घरच्या ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, करताना तुम्ही कळवलेल्या तीन तक्रारी आहेत आणि एक शंका. बटर वितळून साच्यात उतरलं आणि नाता त्यात तळल्यासारखे झाले. तळाची पारी कच्ची राहिली. ओटीजी २०० अंशांवर ठेवून ३५ मिनिटं भाजलं तरी वर काळे डाग आले नाहीत, उलट आतलं कस्टर्ड फुटून रवाळ झालं. आणि सासूबाई अंडं खात नाहीत, तर हे बिनअंड्याचं जमेल का, ही शंका. तिच्याकडे शेवटी येते.

तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. नाता भट्टीत जाईपर्यंत थंडगार हवा आणि आत गेल्यावर त्याला मिळेल तेवढा कडक जाळ हवा. तुमच्याकडे दोन्ही टोकं मधे सरकली. पारी कोमट झाली आणि भट्टी मध्यम राहिली. साहित्य, प्रमाण, साचा या गोष्टी त्यानंतरच्या. मी १४ वर्षं पुण्यात घरगुती बेकरी चालवते आणि शिकवते. माझ्या वर्गात बिघडलेले नाता पाहिले की दरवेळी यांतलंच एक काहीतरी सापडतं: पारी गार नव्हती, नाहीतर ओव्हन तापला नव्हता.

हा पदार्थ मुळात कुठला, ते आधी थोडक्यात सांगते, कारण जाळाचं उत्तर तिथेच आहे. लिस्बनमध्ये तेजो नदीच्या काठी बेलेम नावाचा भाग आहे. तिथे जेरोनिमोस हा मोठा मठ आहे. पूर्वी पोर्तुगालच्या मठांत कपड्यांना खळ करायला अंड्याचा पांढरा बलक वापरत, असं तिथे सांगतात. मग उरलेल्या पिवळ्या बलकांचं काय करायचं, तर गोड पदार्थ. त्यामुळे पोर्तुगालच्या मठांतली बरीचशी मिठाई पिवळ्या बलकाने आणि साखरेने भरलेली आहे. पोर्तुगालमधल्या १८२० च्या उदारमतवादी क्रांतीनंतर वारं फिरलं आणि १८३४ साली देशातले मठ बंद झाले. जेरोनिमोसच्या शेजारी साखरेचा कारखाना होता, त्याला लागून एक दुकान होतं. तिथे हे टार्ट विकायला आले आणि १८३७ साली तिथेच रीतसर बेकरी सुरू झाली. ती आजही चालू आहे. तिथल्या टार्टांनाच पास्तेइश द बेलेम म्हणतात, बाकी सगळीकडचे ते पास्तेइश द नाता. नाता म्हणजे साय. बेलेमची कृती मोजक्या माणसांनाच माहीत असते, म्हणून ‘बेलेमची मूळ कृती’ या नावाने जे काही फिरतं ते अंदाजाने बांधलेलं असतं. मी देते आहे ती सर्वसाधारण पोर्तुगीज पद्धत, आपल्या हवेला आणि आपल्या ओव्हनला बसवलेली.

लिस्बनमधल्या बेकऱ्यांच्या भट्ट्या ३०० अंशांच्या वर चालतात, काही तर ४०० च्या आसपास. काही मिनिटांत पारी फुलते, कस्टर्डचा वरचा थर करपतो आणि आतलं कस्टर्ड जेमतेम धरतं तोवर साचा बाहेर येतो. आपली ओटीजी २५० ला थांबते. हा फरक आपल्याला युक्तीने भरून काढायचा आहे.

आता पारी. पुस्तकात पफ पेस्ट्री वाचलं की लोक घाबरतात. पण ज्या घरात दिवाळीला चिरोटे होतात त्या घराला ही पद्धत अर्धी येतेच. पोळ्यांवर साटा लावायचा, एकीवर एक ठेवायची, घट्ट वळकटी करायची, तुकडे कापायचे आणि चक्राची बाजू वर ठेवून लाटायचं. नातामध्ये साट्याच्या जागी बटर असतं आणि कापलेला तुकडा लाटायच्या ऐवजी साच्यात अंगठ्याने पसरवायचा असतो. म्हणून चांगल्या नाताचा तळ उलटा करून पाहिला की चिरोट्यासारखं चक्र दिसतं. ते दिसलं नाही तर कोणीतरी पेस्ट्रीची सपाट पत्री कापून साच्यात बसवली आहे असं समजावं.

१२ नगांसाठी मैदा १५० ग्रॅम, मीठ दोन चिमूट, थंड पाणी साधारण ९५ मिली आणि बिनमिठाचं बटर १२० ग्रॅम. घरचं लोणी नको. त्यात पाण्याचा अंश जास्त असतो आणि तो प्रत्येक वेळी वेगळा असतो, त्यामुळे पापुद्रे भिजून एकमेकांना चिकटतात. मैदा, मीठ आणि पाणी एकत्र करून पोळीच्या कणकेपेक्षा सैल, किंचित चिकट गोळा करा. फार मळू नका. झाकून २० मिनिटं ठेवा, म्हणजे लाटताना मागे ओढणार नाही.

बटर मात्र श्रीखंडासारखं पसरेल इतकं मऊ हवं आणि तरीही हाताला गार लागायला हवं. मे महिन्यात दुपारी हे अशक्य आहे. मी उन्हाळ्यात हे काम पहाटे किंवा रात्री नऊनंतर करते. लाटायच्या आधी दहा मिनिटं ओट्यावर बर्फाचे ट्रे ठेवते, ग्रॅनाइट छान गार होतो, मग तो पुसून त्यावर लाटते. याचा फरक तुम्हाला पहिल्याच वेळी जाणवेल.

कणीक चौकोनी लाटा, साधारण ३० सेंटिमीटरची. जास्तीचा मैदा ब्रशने झाडून टाका, तो मधे राहिला तर थर कोरडे पडतात. ४० ग्रॅम बटर दोन तृतीयांश भागावर पातळ पसरा, कडेला बोटभर जागा सोडा. बिनबटरचा भाग आधी दुमडा, त्यावर उरलेला. पत्राची तीन घडी असते तशी. प्लास्टिकमध्ये गुंडाळून २० मिनिटं फ्रीजमध्ये. पुन्हा लाटा, पुन्हा ४० ग्रॅम, पुन्हा तीन घडी, पुन्हा फ्रीज. तिसऱ्यांदा २४ सेंटिमीटर रुंदीचा चौकोन लाटून उरलेलं बटर सगळीकडे पसरा आणि एका कडेने घट्ट वळकटी करा. वळताना आत हवा राहू देऊ नका. ती २४ सेंटिमीटर लांब आणि चार-साडेचार सेंटिमीटर जाड भरेल. मधेच कुठे बटर बाहेर डोकावलं किंवा कणीक सैल पडली, तर धीर धरा आणि ती फ्रीजमध्ये सारा. हट्टाने लाटत राहिलात तर बटर कणकेत मुरतं. मग थर उरत नाहीत, साधी बिस्किटाची कणीक होते, आणि भट्टीत तेच बटर सुटून खाली वाहतं. तुमची पहिली तक्रार इथूनच सुरू झाली असणार.

वळकटी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. हे टाळू नका. सकाळी ती दोन-दोन सेंटिमीटरच्या १२ तुकड्यांत कापा, प्रत्येक ३० ग्रॅमच्या आसपास येईल.

तयार पफ पेस्ट्रीची पत्री वापरू का, असं पुष्कळ जण विचारतात. वापरा. तिचीही अशीच वळकटी करून कापा. आपल्याकडची बरीचशी पत्री मार्जरीनची असते, खारीसारखी. ती फुलते छान, पण चव टाळूला चिकटून राहते. पहिल्यांदा करताना कस्टर्ड आणि भट्टी समजून घ्यायला ती बरी.

साचे पातळ धातूचे आणि तिरक्या कडांचे हवेत. साध्या मफिनच्या ट्रेमध्ये उत्तम होतात. सिलिकॉनचे साचे यासाठी अजिबात घेऊ नका, त्यातून तळाला आच पोचतच नाही. साच्याला तूप-तेल लावू नका, पारी कडेवरून घसरून खाली बसते.

तुकडा चक्राची बाजू वर येईल असा साच्यात ठेवा आणि पाच-सात मिनिटं थांबा, दाबल्यावर तडकणार नाही इतका तो नरम होतो. शेजारी बर्फाच्या पाण्याची वाटी ठेवा. दोन्ही अंगठे त्यात बुडवून तुकड्याच्या मध्यावर दाबा आणि मग मोदकाची पारी करतो तसं मध्यापासून बाहेर आणि वर ढकलत चला. मोदकाला आपण तळाशी थोडी जाडी सोडतो, इथे उलट. तळ पातळ, दोन मिलिमीटरच्या आसपास, आणि कडा जरा जाड, साच्याच्या काठावर दोन-तीन मिलिमीटर वर आलेली. तळ जाड राहिला की तो कच्चाच राहणार, ओव्हन कितीही तापवा. अंगठे गरम वाटायला लागले की पुन्हा पाण्यात. बारा पाऱ्या झाल्या की अख्खा ट्रे अर्धा तास फ्रीजरमध्ये.

कस्टर्ड त्या मानाने सोपं आहे आणि ते आदल्या रात्रीही करून ठेवता येतं. दूध ३०० मिली, पूर्ण साईचं. मैदा २५ ग्रॅम. साखर २०० ग्रॅम आणि पाणी १०० मिली. पिवळे बलक १०० ग्रॅम. परदेशी कृतीत सहा बलक लिहिलेले असतात, पण आपल्याकडची अंडी लहान असतात, सातही लागतात. म्हणून मी वजनच करते.

दालचिनीचा दोन इंचांचा तुकडा आणि लिंबाच्या सालीच्या दोन पट्ट्या. लिंबू पिवळं, पिकलेलं घ्या आणि सालीचा फक्त वरचा पापुद्रा सोला. पांढरा भाग आला की कडवटपणा उतरतो. दालचिनीबद्दल थोडं जास्त बोलते, कारण नाताची सगळी ओळख तिच्यात आहे. वास्को द गामा १४९७ साली याच बेलेमच्या किनाऱ्यावरून निघाला आणि पुढच्या वर्षी कालिकतला पोचला. त्याची कबर जेरोनिमोसच्या चर्चमध्ये आहे आणि तिथून चालत पाच मिनिटांवर लोक टार्टवर दालचिनी भुरभुरत बसलेले असतात. ती दालचिनी म्हणजे सिलोनी, कागदासारख्या पातळ सालींची सुरळी असते, बोटांनी चुरता येते. आपल्या बाजारात बहुतेक वेळा मिळते ती जाड, कडक, तिखट साल म्हणजे कॅशिया. ती मसालेभाताला ठीक, कस्टर्डला उग्र होते. कोकणात नारळी-पोफळीच्या बागांत खऱ्या दालचिनीची लागवड होते, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण तेज ही जात त्यातलीच. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत कोणी ओळखीचं असेल तर तिकडून मागवा. मी तेच करते.

६० मिली गार दुधात मैदा गुठळ्या न होता कालवा. उरलेलं दूध उकळा, कालवलेल्या मैद्यात ओतत फेटा आणि परत आचेवर ठेवून मिनिट-दोन मिनिटं शिजवा. खिरीच्या वर, पिठल्याच्या खाली इतकं दाट व्हायला हवं. दुसऱ्या पातेल्यात साखर, पाणी, दालचिनी आणि साल घालून पाक करा. उकळी फुटल्यावर ढवळू नका, साखर पुन्हा दाणे धरते. थर्मामीटर असेल तर १०५ अंश. नसेल तर गुलाबजामच्या पाकाच्या पुढे आणि एकतारीच्या उंबरठ्यावर: बोटांत धरला की तार सुरू होते आणि लगेच तुटते. हा पाक साल काढून टाकून बारीक धारेने दुधात ओता, सतत फेटत. मग झाकून कोमट होऊ द्या. बोट बुडवून सहज ठेवता आलं की पिवळे बलक घाला, फेटा आणि गाळून घ्या. पातळ बासुंदीइतकं वाहतं दिसेल. अनेकांना वाटतं हे चुकलं. चुकलेलं नसतं, भट्टीत धरतं.

कस्टर्ड कशामुळे फुटत नाही हे समजलं तर घाई-गडबडीतही हात चुकत नाही. नुसतं दूध-अंडं ८०-८५ अंशांच्या पुढे गेलं की त्यातली प्रथिनं गोळा होतात आणि पाणी सुटतं. शिजलेला मैदा त्या प्रथिनांच्या मधे येतो, त्यांना एकमेकांना घट्ट धरू देत नाही. साखरही धरायचं तापमान वर ढकलते. म्हणून नाताचं कस्टर्ड भट्टीत अक्षरशः उकळतं आणि तरी मऊ राहतं. पण ही सूट थोड्या वेळेपुरती आहे. ३५ मिनिटं मध्यम आचेवर ठेवलंत तर कितीही मैदा असला तरी ते रवाळ होतंच. वशट वासही बऱ्याचदा अशा जास्त शिजलेल्या बलकाचाच असतो.

आता भट्टी. इथे मन लावा.

ओटीजी २५० वर, वरचा आणि खालचा दोन्ही रॉड चालू करून निदान ४० मिनिटं तापवा. दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला असं नाही, हवा तापलेली असते, भिंती नाही. शक्य असेल तर आत ठेवायचा साधा थर्मामीटर घ्या. माझ्या पहिल्या ओटीजीचा काटा २५० दाखवायचा आणि आत २२० असायचे. दोन वर्षं मी माझ्या हाताला दोष देत होते. तापवतानाच खालच्या जाळीवर पोळीचा जाड लोखंडी तवा उलटा ठेवा, मूठ काढता येत असेल असा. तो उष्णता साठवतो आणि ट्रे ठेवल्याबरोबर ती थेट तळाला देतो. तुमची दुसरी तक्रार या तव्याने मिटेल.

ओव्हन तयार झाल्यावरच पाऱ्या फ्रीजरमधून काढा. गार कस्टर्ड पाऊण भागापर्यंत ओता. काठोकाठ नको, उकळून पारी आणि साच्याच्या मधे उतरलं तर ते चिकटतं आणि बाहेर काढताना पारी तुटते. कस्टर्ड गरम असताना ओतू नका, साऱ्या रात्रीची मेहनत एका मिनिटात वितळते. ओटीजी लहान असेल तर सहाच नग एकावेळी. मोठा ट्रे अख्खी जाळी झाकतो आणि वरची हवा खाली फिरत नाही.

पहिली दहा मिनिटं ट्रे तव्यावर. तोवर कडा फुललेल्या आणि पिवळसर दिसतील. मग चटकन वरच्या जाळीवर, रॉडच्या जवळ, आणखी सहा ते आठ मिनिटं. दार याच एका वेळी उघडायचं. कस्टर्ड फुगून घुमटासारखं वर येईल, त्यावर तपकिरी आणि मग काळे ठिपके पडायला लागतील. साधारण तिसरा हिस्सा काळपट झाला की बाहेर. ठिपके आलेच नाहीत तर शेवटची दोन मिनिटं फक्त वरचा रॉड. बाहेर आल्यावर घुमट खाली बसतो आणि मधे खळगा पडतो, तो तसाच असायला हवा.

आपल्याकडे या वरच्या जाळाची जाण गोव्यात आहे. बेबिंकाचा प्रत्येक थर वरून निखारे देऊन भाजतात, पूर्वी झाकणावर नारळाच्या सोडणांचा विस्तव ठेवत. तेही पिवळ्या बलकांचंच, पोर्तुगीज काळात घडलेलं. नाता करायच्या आधी ज्यांनी बेबिंका केलंय त्यांना ‘वरून भाज’ हे वेगळं सांगावं लागत नाही.

गॅसच्या टॉर्चने ठिपके पाडायचा सल्ला बरेच जण देतात. मला तो पटत नाही. वरून करपतं, आत पारी तशीच पांढरी राहते, आणि खाणाऱ्याला पहिल्या घासाला कळतं.

आता सासूबाईंची गोष्ट. बिनअंड्याचं नाता होत नाही, हे स्पष्ट सांगते. त्याची चव, पिवळा रंग, उकळूनही टिकणारा मऊपणा आणि वरचे काळे ठिपके, यातलं बरंचसं बलकाकडून येतं. पण त्यांच्यासाठी त्याच पारीत दुसरं चांगलं काहीतरी करता येतं. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी बायकोला अंडं चालत नव्हतं म्हणून कॉर्नफ्लोअरची कस्टर्ड पावडर काढली, तेही १८३७ साली, बेलेमची बेकरी सुरू झाली त्याच वर्षी. आपल्या घरोघरी फ्रूट सॅलडला लागते ती तीच जात. ३०० मिली दूध, १०० मिली ताजी साय, ३० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, ९० ग्रॅम साखर, चार-पाच केशराच्या काड्या, दालचिनी आणि लिंबाची साल घालून दाट शिजवा, साल-दालचिनी काढून गार करा. पाऱ्या मात्र आधी रिकाम्या भाजून घ्याव्या लागतात. आत बटर पेपर घालून राजमा भरा आणि २२० वर १५ मिनिटं, मग राजमा काढून आणखी पाच. त्यात हे सारण भरून वरचा रॉड लावून तीन-चार मिनिटं रंग आणा. त्यांच्यासाठीचा ट्रे आणि फेटणी वेगळी ठेवा, आणि ओव्हनमध्ये त्यांचे टार्ट आधी भाजा. त्यांना काय विचारायचंय ते त्या विचारणार नाहीत, म्हणून आपणच आधी सांगावं.

बाहेर काढलेले नाता पाच मिनिटांत साच्यातून जाळीवर काढा, साच्यात राहिले की वाफेने तळ नरम पडतो. पंधरा-वीस मिनिटांनी, कोमट असताना, वर दालचिनी आणि पिठीसाखर भुरभुरून खा. त्याच दिवशी संपवा. फ्रीजमध्ये तयार नाता ठेवू नका, पारी चामड्यासारखी होते. कच्ची वळकटी मात्र फ्रीजरमध्ये महिनाभर राहते आणि कस्टर्ड फ्रीजमध्ये दोन दिवस, त्यामुळे बारा एकदम भाजायची गरजच नाही. पांढरे बलक बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा, एका खणात साधारण एक मावतो. आणि सकाळसाठी दोन-चार उरलेच तर २०० अंशांच्या तापलेल्या ओव्हनमध्ये पाच मिनिटं, मायक्रोवेव्हमध्ये नाही.